शनिवारचा सौदा

परकीय चलनाच्या ट्रेडिंगबद्दल मला शिकवलेलं जवळजवळ सगळं खरं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण असे अनुभव वाचताना आपण मनातल्या मनात म्हणत असतो, ‘इतकी थाप हिला कळली कशी नाही?’ थापा अगदी मोजक्या होत्या. बाकी पिप, लॉट, स्प्रेड, मार्जिन, सगळं पुस्तकात असतं तसंच. शिकवणाराही चांगला.

त्यातून माझं काम हिशेबाचं. पार्टीच्या लेजरमध्ये, म्हणजे समोरच्याच्या खातेवहीत, आपली बाकी काहीही दिसो, रक्कम बँकेत जमा झाल्याशिवाय ‘आली’ म्हणायचं नाही, हे हाताखालच्या मुलांना मी कितीदा ऐकवलं असेल. तरी ३,२८७ डॉलर ५० सेंट घालवले.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने ग्रुपमध्ये घेतलं. (तिचा दोष नाही. तिचे माझ्यापेक्षा जास्त गेले.) परकीय चलनाचं ट्रेडिंग, नवशिक्यांसाठी, तीन आठवडे, रोज संध्याकाळी तासभर, फुकट. शिकवायला एक ‘सर’. महिन्यात दुप्पट वगैरे भाषा अजिबात नाही. उलट पहिल्याच दिवशी म्हणाले, “ज्यांना झटपट पैसा हवाय त्यांनी आत्ताच बाहेर पडा.” कुणीच पडलं नाही. मी तर आणखी सावरून बसले.

पहिल्या तासाच्या नोट्स माझ्या वहीत अजून आहेत. युरो-डॉलरचा भाव १.१००० वरून १.१००१ झाला की तो एक पिप. एक लॉट म्हणजे १ लाख युरो, म्हणून एका पिपला १० डॉलर. ०.०१ लॉट घेतला तर एका पिपला १० सेंट. बाजार सोमवारी सकाळी सिडनीच्या बाजूने उघडतो, शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्कला मिटतो, मधे चोवीस तास चालू, शनिवार-रविवार बंद. या शेवटच्या ओळीखाली मी लाल पेनने रेघ मारली होती. का, कोण जाणे.

आणखी एक आकडा सर वारंवार सांगायचे. बाझलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या पाहणीप्रमाणे एप्रिल २०२२ मध्ये या बाजारात रोज सरासरी ७.५ लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती. “एवढ्या समुद्रात कोण कुणाचा भाव हलवणार, ताई?” बरोबरच होतं ते. फक्त माझा सौदा त्या समुद्रात कधी गेलाच नाही. तो त्यांच्या घरच्या बादलीत होता.

ग्रुपवर रोज सरांच्या सौद्यांचे स्क्रीनशॉट यायचे. युरो-डॉलर, अर्धा लॉट, ३८ पिप, १९० डॉलर नफा, खाली तारीख-वेळ. मी गुणाकार करून बघायचे आणि तो बरोबर आला की समाधान वाटायचं. हिशेबनिसाची खोड. बेरीज जुळली की व्हाउचर खरं आहे का हे बघायचं राहून जातं.

दोन आठवडे डेमो, म्हणजे खोट्या पैशांच्या, खात्यावर केल्यावर सर म्हणाले, “डेमोवर सगळं शिकता येतं, भीती शिकता येत नाही.” हेही खरं. मग खातं उघडायची लिंक आली. मी लगेच उघडलं नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवते. त्यांच्या वेबसाइटवर ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीचा परवाना क्रमांक होता. त्या संस्थेचं रजिस्टर कुणालाही फुकट पाहता येतं. मी क्रमांक टाकला. नाव जुळलं, परवाना चालू होता. तिथेच थांबले.

रजिस्टरमध्ये त्याच पानावर खाली कंपनीच्या वेबसाइटचा पत्ताही असतो. तो माझ्या लिंकपेक्षा वेगळा होता. हे मला पाच महिन्यांनी दिसलं. खऱ्या कंपनीचं नाव आणि क्रमांक उचलून भलत्याच पत्त्यावर दुकान थाटायचं, याला क्लोन फर्म म्हणतात आणि नियामक संस्था याबद्दल वर्षानुवर्षं इशारे देत आल्या आहेत. तेव्हा क्रमांक तपासून समाधान मानू नका. रजिस्टरमध्ये जो पत्ता आणि फोन दिलाय, तिथूनच कंपनीपर्यंत जा. त्यांनी दिलेल्या लिंकवरून कधीच नाही.

२०० डॉलर भरले. भरायचे कसे, तर डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात, त्यांनी पाठवलेल्या वॉलेटच्या पत्त्यावर. दर वेळी नवा पत्ता. कंपनीला नाव होतं, परवाना होता, आणि पैसे जात होते अक्षरांच्या एका लांबलचक ओळीकडे, जिला नाव नव्हतं. कार्डाने भरले असते तर निदान बँकेकडे वाद घालता आला असता. हा व्यवहार एकदा झाला की तो उलटवणारं मधे कुणी नसतं.

दहा दिवसांनी परीक्षा म्हणून ५० डॉलर काढायला टाकले. चार तासांच्या आत आले! मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं आणि तिने आणखी दोघींना. आता वाटतं, तो त्यांचा जाहिरातीचा खर्च होता. ‘थोडे काढून बघा, मिळाले तर खरं’ असा सल्ला सर्रास दिला जातो. फसवणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो.

मग बोनस. १,००० भरा, वर १,००० आमच्याकडून. अट एवढीच की ३० लॉटची उलाढाल होईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत. या अटीचा हिशेब मी बसून मांडायला हवा होता, आता मांडते. मी ०.०५ लॉटचे सौदे करायचे. ३० लॉट म्हणजे असे ६०० सौदे. त्यांचा स्प्रेड (घ्यायच्या आणि विकायच्या भावातलं अंतर) २ पिपांचा, म्हणजे एका लॉटला २० डॉलर. नफा-तोटा बाजूला ठेवला तरी ३० लॉटला ६०० डॉलर नुसत्या स्प्रेडमध्ये. बोनस हजाराचा आणि त्यातले सहाशे येतानाच परत घेतलेले. वरून घाई होईल ती वेगळीच. “ताई, लॉट वाढवा, अट लवकर सुटेल,” हे सरांनी सांगितलं आणि मी अर्ध्या लॉटवर गेले.

इथे लिव्हरेजबद्दल दोन शब्द, कारण नवशिक्याचे पैसे प्रामाणिक ब्रोकरकडेही याच वाटेने जातात. आमच्या खात्याला १:५०० होतं. म्हणजे १,००० डॉलरवर ५ लाख डॉलरचा सौदा. भाव ०.२ टक्का उलटा गेला की हजारच्या हजार साफ, आणि युरो-डॉलर एवढा तर शांत दिवशीही इकडचा तिकडे होतो. युरोपच्या ईएसएमए या नियामक संस्थेने २०१८ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी मुख्य चलनांवर ३०:१ ची मर्यादा घातली. तेव्हा त्यांनी दिलेला आकडा असा की अशा प्रकारच्या सौद्यांत ७४ ते ८९ टक्के सामान्य खाती तोट्यात जातात. तीन आठवड्यांच्या शिकवणीत हा आकडा एकदाही आला नाही. बाझलचा आला, हा नाही.

आता ती विक, म्हणजे चार्टवर भावाची चढउतार दाखवणाऱ्या मेणबत्तीची शेपूट. एका मंगळवारी रात्री मी १.०८६० ला अर्धा लॉट युरो घेतला, स्टॉप लॉस (भाव तिथे पोचला की सौदा आपोआप बंद) १.०८४० ला. गेले तर १०० डॉलर, ठरलेले. भाव १.०८५५ च्या आसपास रेंगाळत होता. एकाएकी मेणबत्तीला खाली लांब शेपूट फुटली, १.०८३६ पर्यंत जाऊन भाव परत जागेवर. स्टॉप लागला, शंभर गेले. त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा होत होतं, म्हणून दुसऱ्या फोनवर एका वेगळ्याच ठिकाणचा फुकटचा चार्ट उघडला आणि दोन्ही फोन शेजारी ठेवले. तेच मिनिट, तीच जोडी. तिथे सर्वात खालचा भाव १.०८५१. शेपूट नावालाही नाही.

ब्रोकरांचे भाव एकमेकांपेक्षा किंचित वेगळे असतात हे मला माहीत होतं. पण पंधरा पिप? सरांना दोन्ही फोटो पाठवले. उत्तर सविस्तर आलं. स्लिपेज म्हणजे काय, लिक्विडिटी म्हणजे काय, आणि १५ जानेवारी २०१५ चा दाखला. स्विस नॅशनल बँकेने युरोला १.२० फ्रँकची जी किमान पातळी धरून ठेवली होती ती त्या दिवशी अचानक सोडली, लोकांचे स्टॉप लॉस लावलेल्या भावाच्या कितीतरी खाली सुटले, काही ब्रोकरसुद्धा बुडाले. सगळं खरं. मी गप्प बसले. त्या दिवशीचा भाव सगळ्या जगाने पाहिला होता आणि माझी विक फक्त माझ्याच फोनवर होती, हा साधा फरक मला रात्री सुचला नाही.

सौदा करायचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जाणारं होतं, त्यात खोट नव्हती. पण त्यात भाव कुठून येतो? ज्या सर्व्हरला तुम्ही लॉगिन करता तिथून. सर्व्हर त्यांचा, म्हणून भाव त्यांचा, आणि कोपऱ्यातली शिल्लकही त्यांचीच. माझ्या भाषेत, पार्टीचं लेजर.

तोटा वाढला तसे सर मऊ झाले. “ताई, तुमच्याकडे शिस्त आहे, वेळ नाही. सहा आठवडे खातं माझ्याकडे द्या.” आणखी १,५०० भरले. आणि काय सांगू, रोज सकाळी शिल्लक वाढलेली. चहा घेताना आधी तोच आकडा बघायचे. सहाव्या आठवड्यात ७,९०० वर गेली. माझ्या हातून हरलेलं खातं त्यांच्या हातात जिंकायला लागलं, यात मला त्यांचं कौशल्य दिसलं.

२,००० काढायला टाकले. तीन दिवस ‘प्रक्रियेत’. चौथ्या दिवशी मेल, की नफ्यावर १५ टक्के कर आधी भरावा लागेल. माझे भरलेले २,६५० आणि बोनसचे १,००० वजा जाता नफा ४,२५०, त्यावर कर ६३७ डॉलर ५० सेंट. अर्ध्या डॉलरपर्यंत बिनचूक. मी विचारलं, “मग त्यातूनच कापून घ्या ना.” उत्तर, “सिस्टीममध्ये तशी सोय नाही.” तिथे चालणं थांबवायला हवं होतं. स्वतःचेच पैसे सोडवायला नवे पैसे मागणारा माणूस कर गोळा करत नसतो. कर लागलाच तर तो आपण सरकारकडे भरतो, नाहीतर देणारा देताना कापून घेतो. हे मला, ज्या बाईने आयुष्यभर टीडीएस कापला तिला, कुणी सांगायची गरज नव्हती. भरले. सात हजार समोर दिसत असताना सहाशे लहान वाटतात.

आठवड्याने ‘खाते पडताळणी ठेव’ म्हणून आणखी १० टक्के मागितले, तेव्हा कुठे वही काढून पहिल्यापासून वाचायला बसले. लाल रेघ दिसली. ग्रुपमध्ये वर वर जात सरांचे जुने स्क्रीनशॉट तारखेसकट कॅलेंडरशी लावले. १९० डॉलरचा तो सौदा, ज्याचा गुणाकार मी कौतुकाने केला होता, तो दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी बंद झाला होता. शनिवारी.

असे एकूण चार निघाले. मैत्रिणीला दाखवले, तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, हे तर त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.”

ग्रुपमध्ये मी फक्त तो स्क्रीनशॉट टाकला आणि खाली वार लिहिला. दोन मिनिटांत मला काढून टाकलं. पुढचं थोडक्यात. ग्रुपमधून जायच्या आधी सगळं उतरवून घ्या, नंतर मिळत नाही. माझे निम्मे मेसेज त्यांनी पुसले. वॉलेटचे पत्ते, प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, मेल, फोन नंबर, भरल्याच्या तारखा, हे एका कागदावर मांडून पोलिसांत तक्रार दिली, ज्या क्रिप्टो एक्स्चेंजवरून नाणी पाठवली त्यांनाही कळवलं आणि ज्या खऱ्या कंपनीचं नाव चोरलं होतं त्यांनाही. फक्त त्या कंपनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अशी तक्रार करणारी मी पहिली नव्हते.

आणि फुकट शिकवणीबद्दल. सगळं कायदेशीर असलं तरी तुम्हाला लिंक देणाऱ्याला ब्रोकरकडून तुमच्या लॉटमागे कमिशन मिळत असतं, कुठे कुठे तुमच्या तोट्यातला वाटाही. त्यात लपवायचं काही नाही, धंद्याची रीतच आहे. पण ‘लॉट वाढवा’ हा सल्ला कोण देतोय ते मग नीट ऐकू येतं.

तीन आठवड्यांपूर्वी एक मेसेज आला. अनोळखी नंबर, बोलणं आदबीचं. परकीय चलनात बुडालेले पैसे परत मिळवून देणारी संस्था, फी आधी ३०० डॉलर, बाकी पैसे मिळाल्यावर. “ताई, तुमचे ३,२८७.५० अडकले आहेत, बरोबर ना?”

परत मिळालेले ५० वजा करून येणारा हा आकडा तोपर्यंत माझ्या वहीत होता, तक्रारीच्या कागदावर होता आणि त्यांच्या लेजरमध्ये. पोलिसांना तो नंबर नेऊन दिला.