फोंड्याच्या जिमची सीनिअर लेडीज बॅच, सहा महिन्यांनंतर

आईला इथे घातलं तेव्हा खरं तर मलाच धास्ती होती, बासष्ट वय, डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, -१.९, म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं विरळ व्हायला लागलेली, -२.५ ला पोचला की सरळ ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ, म्हणतात. आणि तिचं एकच, मी रोज संध्याकाळी चालते ना मग अजून काय हवं.

आत्ताची ट्रेनर मुलगी फिजिओथेरपी शिकलेली आहे, तिने आईला शेजारी बसवून समजावलं. हाड जिवंत असतं, आतल्या पेशींना ताण कळतो, नेहमीपेक्षा जास्त ताण पडला की तिथे हाड भरायला लागतं, ताणच नसेल तर झिजतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड तिकडे वजनच नसल्यामुळे महिन्याला १ टक्क्याच्या आसपास कमी होतं!! रोजच्या चालण्याची हाडाला सवय झालेली असते, म्हणून वजन उचलायचं. आईला हे पटलं.

तिच्याकडे सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्यापासून, मग ४ किलोचं केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेलं वजन. "मावशी, कळशी उचलता तशी, पाठ ताठ, कंबर मागे." आई म्हणाली, अगं बाये, विहिरीवरची कळशी सुटून तीस वर्षं झाली. आता १६ किलो उचलते, शिवाय टाचा वर करून धपकन सोडायच्या, तो धक्काही हाडासाठीच.

तक्रार एकच, पण मोठी. आधीच्या ट्रेनरने पहिले दोन महिने सगळ्या बायकांना १ किलोची गुलाबी डंबेल्स धरायला लावली, वजन वाढवायचं नावच नाही, ते दोन महिने फुकट गेले. बायका आहेत म्हणून हलकंच द्यायचं हे अजिबात बरोबर नाही.

स्कॅन वर्ष झाल्यावरच परत करायचा, हाड भरायला वेळ लागतो, त्यामुळे त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. ताकद मात्र आधी येते, ती दिसली. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-नारळांची चौकट, बांधताना आई खाली उभी राहून नुसतं सांगत होती, ह्या वेळी नारळांचा घोस तिने स्वतः डोक्याच्या वर धरला, भाऊ गाठ मारेपर्यंत.

फी महिन्याला १५०० रुपये, सकाळी ११ ची बॅच, पावसात दाराकडची लादी निसरडी होते तिथे सांभाळून.