मुंबईची पहिली तीन दिवसांची भेट: मुक्काम फोर्टात करावा की दादरला?

मुंबई पहिल्यांदा पाहायला निघालेली मंडळी काय काय पाहायचे याची यादी महिनाभर आधी तयार ठेवतात आणि उतरायचे कुठे हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यात, ज्या खोल्या उरल्या असतील त्यांचे दर पाहून सोडवतात. विदर्भातून येणाऱ्या आमच्या नातेवाइकांचे मुंबईचे बेत मी बरीच वर्षे आखून देत आलो आहे आणि त्यावरून सांगतो की हा क्रम उलटा असायला हवा. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. तेच दहा किलोमीटर सकाळी सहाला वीस मिनिटांचे असतात आणि संध्याकाळी साडेसहाला ते लहान मुलांसह पार करणे जवळपास अशक्य होते. म्हणून दिवसा आपण कुठे फिरणार यापेक्षा पहाटे आणि रात्री आपण कुठे असणार, याचा विचार करून मुक्कामाची जागा ठरवावी.

दूरच्या उपनगरात स्वस्त खोली घेण्याचा तिसरा पर्याय आधीच बाजूला सारतो. काही वर्षांपूर्वी माझी मावसबहीण, तिचे यजमान, दोन लहान मुले आणि सासूबाई अशी मंडळी खोली स्वस्त मिळते म्हणून अंधेरीच्याही पुढे उतरली होती. पहिल्या दिवशी वस्तुसंग्रहालय आणि गेटवे पाहून ते सव्वासहाला चर्चगेटला पोहोचले. गाडी फलाटावर थांबण्याआधीच माणसे आत उड्या घेत होती आणि ती पुरती थांबेपर्यंत दारात पाय ठेवायलाही जागा उरत नव्हती. एकामागून एक गाड्या डोळ्यांदेखत गेल्या. सासूबाई बाकावर पिशव्या मांडीत धरून बसल्या होत्या आणि धाकटा त्यांच्या खांद्यावर झोपी गेला होता. शेवटी नऊ वाजता त्यांना गाडीत शिरता आले. मरीन ड्राइव्ह तिथून पायी पाच-सात मिनिटांवर होता, पण आणखी उशीर होईल या धास्तीने त्यांनी त्या दिवशी समुद्र पाहिलाच नाही. दूरच्या उपनगरातल्या खोलीत वाचलेले पैसे अशा संध्याकाळींतून वसूल होतात, आणि ज्याच्या हातात दोनच संध्याकाळी आहेत त्याने तो सौदा करू नये.

आता खरी निवड. फोर्ट म्हणताना मी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, म्हणजे सीएसएमटीपासून, कुलाब्यापर्यंतचा पट्टा धरतो. दादर म्हणताना स्थानकाच्या पश्चिमेकडचा शिवाजी पार्कपर्यंतचा भाग आणि पूर्वेकडची हिंदू कॉलनी डोळ्यांसमोर ठेवतो.

फोर्टात राहण्याचे सर्वांत मोठे सुख म्हणजे तिथली पहाट. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभे राहिलेले सीएसएमटी दिवसा गर्दीच्या लोटात दिसतच नाही, कारण माणूस चालताना पायाखाली आणि बसगाड्यांकडे पाहत असतो. सकाळी सहा-साडेसहाला समोरच्या पदपथावर उभे राहिले की प्रवेशद्वाराच्या खांबांवरचा एका बाजूचा सिंह आणि दुसऱ्या बाजूचा वाघ निवांत पाहता येतो. दगडात कोरलेले मोर, माकडे आणि पाने एकेक करून मुलांना शोधायला लावली तर अर्धा तास सहज जातो. तिथून हुतात्मा चौकावरून ओव्हल मैदानापर्यंत चालत जावे. मैदानाच्या मधोमध उभे राहिल्यावर पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय ही एकोणिसाव्या शतकातली गॉथिक रांग दिसते, तर पश्चिमेला गोलाई दिलेल्या सज्ज्यांची, १९३०च्या दशकात बांधायला घेतलेली आर्ट डेको घरे दिसतात. दोन काळ असे समोरासमोर उभे असल्यामुळेच २०१८ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हे सारे पाहायला तिकीट नाही आणि रांग नाही, फक्त तिथे पहाटे असावे लागते. दादरहून हे जमत नाही असे नाही, परंतु रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी पहाटे पुन्हा गाडी पकडून निघत नाहीत, हे मी वारंवार पाहिले आहे.

घारापुरीच्या लेण्यांसाठीही फोर्टच सोयीचा आहे. बोटी गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास सुटू लागतात, जायला साधारण तासभर लागतो आणि उतरल्यावर शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या बोटींपैकी एक मिळाली तर उन्हाचा तडाखा वाढण्यापूर्वी त्या चढून होतात. सुमारे २० फूट उंचीच्या त्रिमूर्तीसमोर गर्दीचे रेटे सुरू होण्याआधी शांतपणे उभे राहता येते, आणि ते दहा मिनिटांचे उभे राहणे या साऱ्या प्रवासाइतके मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते. लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात बोटीचा भरवसा हवेवर असतो, या दोन गोष्टी तारीख ठरवतानाच ध्यानात घ्याव्यात.

उणिवाही आहेत. त्याच दरात फोर्टात खोली लहान मिळते. जुन्या इमारतींतल्या अनेक गेस्टहाऊसांना लाकडी, उभे जिने आहेत आणि काही खोल्यांना खिडकीच नसते. कचेऱ्या सुटल्यावर आणि रविवारी फोर्टाच्या गल्ल्या ओस पडतात. इमारती पाहायला ती शांतता उत्तम असते, पण साधे वरण-भात-भाजीचे जेवण शोधत आजोबांना घेऊन फिरायचे असेल तर तीच जाचते. कुलाब्यात रात्री उशिरापर्यंत जाग असते, मात्र तिथले दर आणि जेवण दोन्ही पाहुण्यांसाठी आहेत, रोज घरचे खाणाऱ्यासाठी नव्हेत.

नेमक्या याच ठिकाणी दादर सरस ठरते. सकाळी सातला गरम पोहे आणि चहा, दुपारी पोळी-भाजीचे ताट किंवा मालवणी जेवण, संध्याकाळी साबुदाणा वडा आणि पियूष, हे सारे पाच-दहा मिनिटांच्या चालण्यात मिळते आणि मराठीत मागता येते. पहिल्यांदाच महानगरात आलेल्या वडीलधाऱ्यांना या गोष्टीने किती धीर येतो, हे त्यांच्याबरोबर फिरलेल्यालाच कळते. स्थानकाच्या पश्चिमेला पुलाखाली पहाटेच भरणारा फुलबाजार ही दादरची स्वतःची पहाट आहे. ओल्या फरशीवर झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, डोक्यावर भारा घेऊन वाट मागणारे हमाल, आणि साडेसात-आठपर्यंत त्यातले बरेचसे हललेले असते. चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क चालत होते. प्रभादेवीचा सिद्धिविनायक जवळ असल्यामुळे गर्दी होण्यापूर्वी दर्शन उरकता येते, मंगळवार मात्र टाळावा. नाटकाची आवड असेल तर प्रश्नच मिटतो, कारण शिवाजी मंदिरचा शनिवार-रविवारचा रात्रीचा प्रयोग पाहून पायी खोलीवर परतता येते. दक्षिण टोकाला राहणाऱ्याला तेव्हा गाडीचा विचार करावा लागतो.

दादरची जुनी अडचण होती ती दक्षिणेकडे जाण्याची. सीएसएमटी केवळ ९ किलोमीटरवर असले, तरी सकाळी साडेआठ ते अकरा या वेळेत मागून भरून आलेल्या लोकलमध्ये नवख्याने चढू नये, असेच मी सांगत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यापासून ही अडचण बरीच कमी झाली आहे. दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही स्थानके एकाच मार्गावर आहेत, डबे वातानुकूलित आहेत आणि दादरहून हुतात्मा चौक अर्ध्या तासाच्या आत येतो. दादरचे मेट्रो स्थानक रेल्वे स्थानकाला लागून नाही, शिवाजी पार्कच्या दिशेने चालावे लागते, म्हणून पूर्वेकडे उतरणाऱ्याने ते अंतर हिशेबात धरावे. मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते, त्यानंतर लोकल किंवा टॅक्सी. लोकलनेच जायचे असेल तर रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवण्याची वेळ, आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून घ्यावा. दादरला पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ आहेत, हे एकदा लक्षात ठेवले की चर्चगेटची गाडी कुठे आणि सीएसएमटीची कुठे हा गोंधळ होत नाही.

रिक्षा दोन्हीकडे नाही, कारण वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला ती येऊच शकत नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. स्थानकाबाहेर एकरकमी आकडा सांगितला गेला तर सरळ पुढे चालावे आणि मीटरने येणारी टॅक्सी धरावी.

माझा कौल असा. दोघेच असाल, किंवा चालू शकणारी दहा-बारा वर्षांची मुले बरोबर असतील, आणि मुंबई म्हणजे समुद्र, इमारती, लेणी आणि संग्रहालय असे मनात असेल, तर लहान खोली पत्करूनही फोर्टात राहा. त्या दोन पहाटा आणि मरीन ड्राइव्हवरच्या दोन रात्री दुसरीकडे राहून मिळत नाहीत. बरोबर साठी ओलांडलेले कोणी असेल, बाळ असेल, पथ्य असेल, किंवा नाटक, पुस्तके आणि लग्नाची खरेदी हे कारण असेल, तर दादरच घ्या. कोकणातून तुतारी एक्स्प्रेसने येणाऱ्यांची गाडी तर दादरलाच संपते, त्यांनी सामान घेऊन पुढे जाण्याचे कारण नाही. एक रात्र इथे आणि एक तिथे हा मध्यममार्ग सुचवला जातो, पण तीन दिवसांतला अर्धा दिवस बोचकी बांधण्यात जातो, म्हणून मी तो कोणालाही सांगत नाही.

खोली कुठेही घ्या, पैसे भरण्यापूर्वी लॉजवर स्वतः दूरध्वनी करून चार गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, पाणी दिवसभर असते का आणि खोलीचा दिवस कधी सुरू होतो. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या सकाळी पोहोचतात, आणि खोली दुपारी बाराला मिळणार असेल तर पहिला अख्खा प्रहर सामान सांभाळण्यात जातो. जिथे आल्या वेळेपासून चोवीस तास मोजतात, तिथे दोनशे रुपये जास्त पडले तरी तीच खोली घ्यावी. ते जमत नसेल तर सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवावे. तिथे बॅगेला कुलूप लागते, म्हणून एक लहान कुलूप घरूनच बरोबर आणावे.