आठ जीबीच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल: सात महिने वापरून काय वाटलं

डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) चालवायची सोय. पोळ्याच्या आठ दिवस आधी हे सगळं बसवलं होतं, आता पाडवा होऊन गेला, म्हणजे सात महिने झाले धरा. लातूरला राहतो, दिवसा नोकरी दुसरीच आहे, कोडिंग रात्रीचं. आधी काम काय ते सांगतो, नाहीतर "तुला लिनक्स लागतंय कशाला" म्हणणारे येतातच. चुलत्याची मार्केट यार्डात आडत आहे, तिथं शेतकऱ्याला द्यायची पट्टी अजून कार्बन ठेवून हातानं लिहायचे. किती कट्टे, वजन, भाव, हमाली तोलाई वजा जाऊन हातात किती, हे सगळं कॉम्प्युटरवरून मराठीत पीडीएफ काढायचं, एवढंच. पायथन येत होतं, जँगो (पायथनमध्ये वेबसाईट बनवायचं साधन) अर्धंमुर्धं.

सुरुवात साध्या विंडोजवरच केली. पायथन टाकताना खाली 'पाथमध्ये अ‍ॅड करा' अशी छोटी चौकट असते, तिला टिक केलं नाही, त्यामुळं पायथन टाईप केलं की अ‍ॅपचं स्टोअरच उघडायचं, पहिली रात्र त्यात गेली. ते निस्तरलं, फॉर्म झाला, हिशोब बरोबर यायला लागला, आणि पीडीएफ काढली तर 'क्विंटल'चा पार चोथा. क चा पाय मोडलेला, व वेगळा, वेलांटी भलतीकडंच. काकाला दाखवलं तर म्हणले, "हे क्विंटल हाय का कुलूप हाय रं?"

यात पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीचा (म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या तयार कोडचा) दोष फार नव्हता, मलाच माहीत नव्हतं. इंग्रजी अक्षरं एकामागं एक ठेवली की झालं, पण आपल्याकडं ऱ्हस्व वेलांटी टाईप होते अक्षरानंतर आणि दिसते आधी, जोडाक्षराचं रूप तर फॉन्टमधून वेगळंच काढावं लागतं. हे काम हार्फबझ नावाचं इंजिन करतं आणि मी जी लायब्ररी धरली होती ती त्याच्या वाटेलाच जात नव्हती. मग वीझीप्रिंट सापडलं, साधं एचटीएमएल लिहायचं आणि त्याची पीडीएफ होते, आत पँगो (अक्षरं ओळीत मांडणारी लायब्ररी) आणि हार्फबझ असल्यामुळं देवनागरी एकदम व्यवस्थित. पण त्या पँगोच्या फायली विंडोजवर वेगळ्या आणून बसवाव्या लागतात. दोन रविवार घातले, दर वेळी कुठली तरी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी विंडोजची फाईल) सापडंना. उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, तेच काम एका ओळीत होतं हे कळलं आणि मग डब्ल्यूएसएलकडं वळलो. ड्युअल बूट (विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकून चालू करताना एक निवडायचं) नको होतं, लॅपटॉप घरात सगळेच वापरतात, एका बहिणीचे क्लास त्याच्यावर चालतात, चालू करताना काळी स्क्रीन दिसली की घरात बोंबाबोंब.

बसवणं सोपं आहे, खोटं कशाला बोलायचं. पॉवरशेल (विंडोजमध्ये कमांड टाईप करायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडायचं, डब्ल्यूएसएल इन्स्टॉलची एक कमांड, रीस्टार्ट, झालं. माझ्याकडं बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनमध्ये दुसरं चालवायची सोय, बंद होतं ते आधी चालू करावं लागलं, तेवढं बघून घ्या. डाऊनलोड मात्र घरचं नेट नसेल तर मित्राकडं जाऊन करा, मोबाईलच्या दिवसाच्या दोन जीबीत करायला गेलो तर मध्येच डेटा संपला, वर लाईट गेली, आणि अपडेट अर्धवट राहिलेलं उबुंटू दुसऱ्या दिवशी काही टाकूच देईना. अर्धवट राहिलेलं पूर्ण करणारी डीपीकेजी कॉन्फिगरवाली कमांड मारल्यावर सुटलं.

आणि एवढं सगळं करून पहिली पीडीएफ काढली तर सगळीकडं चौकोन! कारण आतल्या उबुंटूत मराठी फॉन्टच नव्हता. नोटोचे फॉन्ट टाकले आणि परत काढली, 'क्विंटल' आलं, 'सोयाबीन' आलं, 'हमाली' आलं. रात्रीचा दीड वाजला होता, माय उठून आली, "काय करूलालास रं आजून?" म्हणे. तिलाच दाखवलं.

आता त्रास. एक नंबर रॅम. हे डब्ल्यूएसएल 2 म्हणजे आत खरंखुरं लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) चालवणारं छोटं मशीनच आहे, आणि ते एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत हात मारू शकतं. आठातले चार तिकडं, वर क्रोम, वर व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), मग पंखा असा फिरायचा की मळणी चालू आहे वाटावं. युझरच्या फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाईल करून मेमरी 3 जीबी लिहिली, डब्ल्यूएसएल शटडाऊन करून परत चालू केलं, तेव्हापासून शांत आहे. व्हिडिओवाले सांगतात म्हणून डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात बंद करून चालवायचं साधन) पण टाकलं होतं, महिनाभरात काढून फेकलं, एका पट्टीसाठी कशाला पाहिजे ते, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरं, आणि हे लई जणांना माहीत नसतं. मी प्रोजेक्ट डी ड्राइव्हलाच ठेवला होता आणि उबुंटूतून तिथं जाऊन चालवायचो. गिट स्टेटस (कुठल्या फायली बदलल्या ते सांगणारी कमांड) मारलं की चहा ठेवून यावा. दोन्हीकडच्या फाईल सिस्टीम वेगळ्या, मधल्या पुलावरून ये-जा करताना छोट्या छोट्या हजार फायली असल्या की जीव जातो. सगळं उचलून लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये नेलं, व्हीएस कोडमध्ये डब्ल्यूएसएलचं एक्स्टेन्शन टाकून तिथूनच उघडायला लागलो, तर लॅपटॉप बदलल्यासारखं वाटलं. माझं सगळ्यात जास्त नुकसान यानंच केलं, तीन महिने मी मशीनलाच शिव्या देत होतो.

लॅपटॉप झोपवून सकाळी उघडला की कधीकधी आतलं घड्याळ मागंच राहतं. तुरीच्या हंगामात चार पट्ट्यांवर आदल्या रात्रीचा टाईम छापून गेला, काकानं पकडलं म्हणून बरं, नाहीतर शेतकरी ऐकतोय व्हय. घड्याळ जुळवणारी एचडब्ल्यूक्लॉकची कमांड मारली की बरोबर होतं, पण हे आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं. डिस्कचंही तसंच, आतून फायली पुसल्या तरी लिनक्सचं सगळं ज्या एका फाईलमध्ये असतं ती व्हीएचडीएक्स फाईल फुगलेलीच राहते, विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडनं दाबावी लागते. सी ड्राइव्ह लाल झाल्यावर कळलं. टर्मिनलमध्ये मराठी अजूनही तुटकं दिसतं, त्याचा नाद मी सोडला, एडिटरमध्ये आणि पीडीएफमध्ये नीट आहे तेवढं बास.

घ्यावं का? आठ जीबी आणि एसएसडी असेल तर घ्या, साध्या हार्ड डिस्कवर नादी लागू नका. नुसतं पायथन शिकायचं असेल, वीझीप्रिंटसारखं काही लागत नसेल, तर विंडोजवर व्हेन्व (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) करून बसा, काही अडत नाही.

माझं घोडं आता वेगळ्याच ठिकाणी अडलंय. काका म्हणतात दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकून दे, आणि तो आहे विंडोज 7, त्याच्यावर डब्ल्यूएसएल चालतच नाही. सध्या ते वजन न् भाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, मी घरून पीडीएफ काढून परत पाठवतो, आणि लिलाव चालू असताना मी फोन नाही उचलला की कार्बन परत बाहेर निघतो.