कॉलेज रोडची फ्रेजल व्हर्ब्जची बॅच: सर एक नंबर, नोट्स बोगस

द्राक्ष एक्सपोर्टच्या ऑफिसात काम, त्यामुळे इंग्लिश मेल रोजचेच, वाचता सगळं येतं पण बोलायला लागलं की फॉलो अप आणि फाइंड आउटच्या पुढे गाडी सरकत नाही, म्हणून नाशिकला कॉलेज रोडला एका क्लासची नुसत्या फ्रेजल व्हर्ब्जची (म्हणजे क्रियापदाला ऑफ, आउट, अप असले छोटे शब्द जोडून वेगळा अर्थ होतो ती) बॅच लावली. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत.

सर यादी पाठ करायला देत नाहीत, एक विषय धरतात आणि त्यातच घोळवतात. घाबरवणं, पळवून लावणं हा विषय निघाला आणि वर्गात अर्धी पोरं निफाड-दिंडोरीची, मग उदाहरणांना काय तोटा! बागेतली पाखरं फटाके लावून उडवली की स्केअर ऑफ नाहीतर स्केअर अवे. बर्ड्स शब्द मधे घाला नाहीतर शेवटी, दोन्ही चालतं, पण त्याजागी देम आलं की मधेच, स्केअर देम ऑफ. स्केअर ऑफ देम म्हटलं की सर तिथंच थांबवणार. दारावरची लिंबू-मिरची वॉर्ड ऑफमधे, सर्दीखोकला लांब ठेवणं पण त्यातच. अंगावर आलेल्याला परतवायचं तर फेंड ऑफ, मग तो कुत्रा असो नाहीतर पत्रकारांचे प्रश्न. सी ऑफला मात्र हसून हसून वाट लागली, नाशिकरोड स्टेशनवर मावशीला गाडीत बसवून देणं पण सी ऑफ आणि गल्लीत घुसलेल्या चोराला पिटाळणं पण सी ऑफच (हा दुसरा वापर जास्त करून ब्रिटिशांचा).

माझ्या कामाचं निघालं पुट ऑफ. मला आपलं पुढे ढकलणं एवढंच माहीत होतं. भाव ऐकून बायरचं मन उडालं तर द प्राइस पुट हिम ऑफ, म्हणजे तो घाबरलाच पाहिजे असं नाही, नुसती इच्छा मेली तरी बास, आणि पुढे क्रियापद आलं तर आयएनजीवालं, पुट हिम ऑफ बायिंग. स्केअर ऑफ पण बायरला लावता येतं, पण त्यात तो बिचकून पळालेला असतो. एवढ्या बारीक फरकावर सरांनी बराच वेळ घालवला आणि मला तरी तो वसूल वाटला.

आता नोट्स. झेरॉक्सची झेरॉक्स, फिकट, वर चुका. सायक आउटचा अर्थ छापलाय जोश आणणे, अहो तो सायक अप! सायक आउट म्हणजे मॅचआधीच समोरच्याचं अवसान घालवणं. सरांना दाखवलं, हो म्हणाले, नंतरच्या बॅचला परत तोच कागद. आणि पोरं इतकी भरलीत की बोलायची पाळी येईपर्यंत वेळ संपतो, मागच्या बाकावर बसलात तर विसराच.

बेसिक ग्रामर कच्चं असेल तर ही बॅच नका लावू, आधी साधी लावा. सातपूर-अंबडहून कामावरून सुटून येणाऱ्यांनी सकाळची बघा, संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. डेमो फुकट आहे, पुढच्या बाकावर बसा.