ट्रेनिंगपीक्स: हिशेबाला चोख, ध्येय ठरवायला नाही

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (१.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं, सलग) नाव नोंदवलं की बरेच जण ट्रेनिंगपीक्स हे सरावाची आखणी आणि नोंद ठेवणारं ॲप उघडतात, रेसची तारीख टाकतात, तिला ‘ए’ म्हणजे सर्वांत महत्त्वाची असा दर्जा देतात आणि वार्षिक प्लॅनच्या पानावर अडतात. (हे पान फक्त पैसे भरलेल्या प्रीमियम खात्यात मिळतं.) ॲप विचारतं: आठवड्याचे तास सांगताय, आठवड्याचा टीएसएस (सरावाचा ताण मोजणारे गुण), की रेसच्या दिवशीचा फिटनेस? हौसेने तिसरा पर्याय निवडून ७० टाकला जातो. घोळ तिथूनच सुरू.

थ्रेशोल्डच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल जोराने केलेला एक तास म्हणजे १०० टीएसएस. फिटनेस म्हणजे रोजच्या टीएसएसची ४२ दिवसांच्या हिशेबाने काढलेली सरासरी. तो ७० वर टिकवायचा तर आठवड्याला ४९० टीएसएस हवेत. नोकरी सांभाळून जेमतेम आठ तास मिळतात, तेही बहुतेक निवांत वेगाचे. थ्रेशोल्डच्या ०.७ पट तीव्रतेचा तास ४९ देतो (०.७ चा वर्ग गुणिले १००), आठ तासांचे होतात ३९२. म्हणजे गाडी ५६ च्या पुढे सरकणारच नाही. मग प्लॅन अपुरा दिसतो आणि माणूस सोप्या दिवशीही जोर लावतो. म्हणून पहिला पर्याय, तास, हाच निवडावा.

दुसरी खोच एफटीपीची, म्हणजे सायकलवरच्या थ्रेशोल्ड ताकदीच्या वॉट्समधल्या आकड्याची. सायकलवर २० मिनिटांची चाचणी घ्या, सरासरी वॉट्सचे ९५ टक्के भरा, आणि दर सहा-आठ आठवड्यांनी आकडा बदला. प्रत्यक्षात २०० असताना खात्यात जुने १८० राहिले, तर १५० वॉट्सच्या (नॉर्मलाइज्ड, म्हणजे चढउतार हिशेबात धरलेली सरासरी) दोन तासांना ११३ ऐवजी १३९ टीएसएस मिळतात. फिटनेस कागदावरच वाढतो. सायकलवर वॉट्स मोजणारा पॉवरमीटर नसेल तर हृदयाच्या ठोक्यांवरून हिशेब होतो; उकाड्यात तोच वेग ठेवला तरी ठोके चढतात, त्यामुळे तिथेही आकडा फुगतो.

ॲपच्या कॅलेंडरमधल्या रंगांचंही तसंच. तासाभराचं धावणं ठरवलं आणि ४८ ते ७२ मिनिटं झालं की खाना हिरवा. सावकाश धावायचं होतं आणि तुम्ही शर्यत लावली, तरीही हिरवाच! हिरव्या आठवड्यांचे स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांनी एकदा त्यांतले ठोके पाहावेत.

खरं ध्येय रेसमधल्या कमाल वेळेच्या मुदतीपासून उलटं मोजून निघतं, आणि ते ॲप सुचवत नाही. गोव्यात १.९ किमी पोहायला मुदत १ तास १० मिनिटं, म्हणजे १०० मीटरला ३:४१. समुद्रात लाट आणि वाकडी दिशा धरून जलतरण तलावात ३:०० चं लक्ष्य ठेवा: ५७ मिनिटं. सायकल ताशी २५ ने ३ तास ३६ मिनिटं. धावणं किलोमीटरला ८ मिनिटांनी २ तास ४९. दोन्ही ट्रान्झिशनला (एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे-सामान बदलायला) मिळून १५ मिनिटं. बेरीज ७ तास ३७ मिनिटं; समुद्रात पोहायला पूर्ण १ तास १० लागले तरी ७ तास ५०. एकूण मुदत साडेआठ तासांची, त्यामुळे पंक्चर झालं तरी जीव भांड्यात.

पोहताना दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून बोया (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) पाहणं, सायकलवर तासाला ६० ग्रॅम कार्ब पोटात टिकवणं, ही ध्येयं टीएसएसमध्ये बसत नाहीत. ती त्या-त्या दिवसाच्या वर्कआउटच्या वर्णनात हाताने लिहावी लागतात. लिहिलीत तर झाल्यावर खाली शेराही टाका: काय जमलं, कार्बचं जेल कितव्या किलोमीटरला नकोसं झालं.

कोच असेल तर प्रीमियमचे पैसे वसूल. एकट्याने पहिलीच रेस करणाऱ्याला फुकटचं खातं आणि वरची बेरीज पुरते.