“मुलींना फी माफ आहे” असं सांगून खाजगी विद्यापीठात घेतलेला प्रवेश: पैसे भरण्याआधी हे वाचा

घरातल्या मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश चालू असेल आणि एखाद्या खाजगी विद्यापीठाच्या काउन्सेलरने “शासनाची शंभर टक्के फी माफी आमच्याकडेही चालते” असं सांगितलं असेल, तर एक रुपयाही भरू नका. ती माफी तिथे चालत नाही. मला चालते असं सांगून पुण्यातल्या एका छोट्या खाजगी विद्यापीठात घेतलं गेलं. त्यात घरचे एक लाख दहा हजार गेले आणि माझं एक वर्ष गेलं. विद्यापीठाचं नाव मी घेत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण पद्धत जशीच्या तशी सांगते. माझ्या वर्गातल्या आणखी मुलींना हेच सांगितलं गेलं होतं, म्हणजे ही एका माणसाची थाप नव्हती.

आम्ही लातूर जिल्ह्यातले. बाबांची शेती कोरडवाहू, उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या कितीतरी खाली. 8 जुलै 2024 ला शासनाचा जीआर निघाला: उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात आधी जी पन्नास टक्के सवलत होती, ती शंभर टक्के झाली. गावात सगळीकडे तीच चर्चा. त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. सीईटी दिलेल्या मुलांचे नंबर या लोकांकडे कुठून जातात हे मला आजही कळलेलं नाही, पण त्यांना माझं नाव, तालुका आणि पर्सेंटाइलसुद्धा माहीत होतं.

फोनवरचा मुलगा नम्र होता. बाबांना काका म्हणायचा, मला ताई. “काका, कॅपमध्ये ताईला सिव्हिल नाहीतर मेकॅनिकल मिळेल. आमच्याकडे कॉम्प्युटर, तेही एआय-एमएल. आणि मुलींना तर आता फी माफच आहे. सीट ब्लॉक करून टाका, दोनच राहिल्यात.” कॅप म्हणजे सीईटीच्या गुणांवर होणारी शासनाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, आणि एआय-एमएल म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग. आम्ही पुण्याला गेलो. तो विद्यापीठाच्या इमारतीतच, प्रवेश कक्षात बसलेला, गळ्यात विद्यापीठाची पट्टी आणि ओळखपत्र. हे मुद्दाम सांगते, पुढे याला महत्त्व आहे.

बाबांनी समोर बसून विचारलं, “माफी हाय म्हणता, तर तसं लिहून देता का?” तो म्हणाला, “काका, शासनाचा जीआर आहे. शासनाने लिहून दिलंय, त्यावर आम्ही वेगळं काय लिहिणार?” आणि त्याने बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जीआरचा फोटो पाठवला. बोधचिन्ह, दिनांक, विभागाचं नाव, सगळं खरं. फक्त फोटो ज्या ओळीवर कापला होता, त्याच्या पुढच्या मजकुरात कंस आहे. कोणत्या संस्थांना ही सवलत लागू आहे ते सांगताना त्या कंसात म्हटलंय की खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. शिवाय प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. आम्ही ज्या खुर्च्यांवर बसलो होतो ते स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणारं खाजगी विद्यापीठच होतं. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर दिलेला. ती परीक्षा तिथेच संगणकावर झाली आणि पाच मिनिटांत निकाल आला, वर “स्कॉलरशिप” पण मिळाली. ती पहिल्या वर्षापुरती आणि पुढे ठरावीक सीजीपीए (सरासरी गुणांक) राहिला तरच, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं.

फी आधी भरायची आणि महाडीबीटीतून, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून, आली की खात्यात परत, असं ठरलं. आईच्या पाटल्या बँकेत ठेवून पहिला हप्ता भरला. मूळ कागदपत्रं, म्हणजे बारावीची गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, “व्हेरिफिकेशनसाठी” ठेवून घेतली. कॅपचा ऑप्शन फॉर्म मी मग भरलाच नाही.

शिकवण्याबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही. दोन मॅडम इतक्या जीव ओतून शिकवायच्या की सी लँग्वेज मला तिथेच समजली. पण एआय-एमएल हे नाव सोडलं तर बाकी सगळं तोकडं होतं. चार मजली इमारत, एक लॅब तीन ब्रँचना मिळून, मॅथ्सला सर नाहीत म्हणून फिजिक्सचेच सर. त्यातल्याच एका मॅडमने नंतर सांगितलं की प्राध्यापकांनाही उन्हाळ्यात प्रवेशाचं टार्गेट असतं आणि ते झालं नाही तर पगार अडतो.

आता खरी गोष्ट, जी तारखांची आहे. सप्टेंबरमध्ये मी महाडीबीटीवर फॉर्म भरायला बसले, तर त्या योजनेखाली आमच्या विद्यापीठाचं नावच दिसेना. स्कॉलरशिप विभागात गेले. उत्तर: “मॅपिंग बाकी आहे, पोर्टल अपडेट झालं की दिसेल.” मॅपिंग म्हणजे पोर्टलवर विद्यापीठाचं नाव त्या योजनेशी जोडणं. पुढच्या आठवड्यात तेच. दसऱ्याआधी तेच. मग “दिवाळीनंतर या.” तेव्हा मला वाटलं ऑफिस ढिसाळ आहे. त्या थांबवण्यामागे हिशोब होता. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2024-25 साठी फी परताव्याचं धोरण जाहीर केलं होतं: 30 सप्टेंबर 2024 पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, 31 ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी परत. दिवाळीची सुट्टी संपून मी परत गेले तेव्हा दोन्ही तारखा निघून गेल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात मॅपिंगचं बोलणं बंद होऊन मला दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली. न भरल्यास हॉल तिकीट मिळणार नाही.

फोनवरच्या त्या मुलाचा नंबर बंद. प्रवेश कक्षात विचारलं तर म्हणे, तो बाहेरच्या कन्सल्टन्सीचा, आमचा कर्मचारी नाही, त्याने काय सांगितलं याला विद्यापीठ जबाबदार नाही. त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच पट्टीसकट बसलेला माणूस! बाबा तिथे काहीच बोलले नाहीत. मला त्यांच्या गप्प बसण्याचा जास्त त्रास झाला.

मी प्रवेश सोडायचं ठरवलं तर मूळ कागदपत्रं देईनात. आधी वर्षाची उरलेली फी भरा म्हणाले. हे सरळसरळ नियमाविरुद्ध आहे, आणि हा भाग प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. ऑक्टोबर 2018 च्या यूजीसी अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता येत नाहीत. तपासायची आणि लगेच परत द्यायची. पावतीवर “शुल्क परत मिळणार नाही” असं छापून किंवा तशी सही घेऊन यूजीसीचे नियम बाजूला सारता येत नाहीत. मी लेखी अर्ज केला, त्यात त्या अधिसूचनेचा उल्लेख केला, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतली. पोच द्यायला टाळाटाळ झाली तेव्हा तोच अर्ज कुलसचिवांना ईमेल केला आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवला. मग यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकली. त्यानंतर मात्र कागदपत्रं मिळाली, तीही देताना “आपसात मिटलं” असं लिहून द्या म्हणत होते. मी तसं लिहून दिलं नाही.

पैशांसाठी वेगळी वाट आहे. 2023 च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल असायलाच हवेत. आधी समितीकडे जायचं. तिने कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर लोकपालाकडे अपील. आमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर समितीच्या पानावर नुसतीच नावं होती, ईमेल नाही. मी विभागप्रमुखांकडून तो लेखी मागवला. समितीने माझी मागणी फेटाळली, कारण दिलं “प्रवेश रद्द करण्याची मुदत संपली होती.” ती मुदत कुणी संपवली, हेच मी लोकपालाकडच्या अपिलात लिहिलंय, स्कॉलरशिप विभागाच्या “मॅपिंग बाकी आहे” या ईमेलसकट. तो एकच ईमेल माझ्याकडे होता आणि त्याच्यावरच अपील उभं आहे. बाकी सगळं तोंडी. म्हणून ऑफिसात जाऊन विचारण्यापेक्षा ईमेलने विचारा.

एक गैरसमज लोकांना अजून आहे. विद्यापीठ खोटं नव्हतं. यूजीसीच्या राज्य खाजगी विद्यापीठांच्या यादीत त्याचं नाव आहे, बोगस विद्यापीठांच्या यादीत नाही, पदवीही वैध आहे. काउन्सेलर हीच यादी दाखवतात आणि पालक निश्चिंत होतात. पण यूजीसीची मान्यता आणि राज्य शासनाची फी माफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माफीसाठी बघायची ती सीईटी सेलची कॅपमधली कॉलेजांची यादी. काउन्सेलरला सरळ विचारा: कॅपमधला तुमचा संस्था कोड काय, आणि मुलीचा प्रवेश कॅप राउंडमधून होणार की तुमच्या परीक्षेवर? आणि जीआरचा फोटो घेऊ नका. शासनाच्या संकेतस्थळावरून अख्खी पीडीएफ उतरवून कंसासकट वाचा.

सीईटीचा स्कोअर त्याच वर्षापुरता असतो, म्हणून 2025 मध्ये मी पुन्हा परीक्षा दिली, गॅपचं प्रतिज्ञापत्र केलं आणि कॅपमधून छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. तिथे शिक्षण शुल्क घेतलंच नाही. लोकपालाकडची सुनावणी बाकी आहे. आईच्या पाटल्या अजून बँकेतच आहेत. तुमच्यापैकी कुणाला याच पद्धतीने “मॅपिंग”च्या नावाखाली थांबवून ठेवलं असेल, तर तुमच्याकडचे ईमेल आणि पावत्या जपून ठेवा आणि तुमच्या विद्यापीठाच्या समितीकडे आजच लेखी अर्ज द्या.