उडीद निघाला, आता मका टाकू की हरभरा? एकदल-द्विदल बघून ठरवा

परवा भाच्याचा फोन आला, मामा, वावर मोकळं झालं, मका टाकू की हरभरा. बाजारभावाचं नंतर बोलू म्हटलं, आधी सांग विहिरीला पाणी किती आणि बांधापलीकडे काय उभं आहे. मका एकदल, हरभरा द्विदल, शाळेत पाठ केलं आणि विसरलो, पण शेतात निम्मा फरक तिथूनच पडतो.

हरभरा रात्रभर भिजवा, सालाच्या आत दोन डाळी सुट्या होतात. मक्याचं एकच दल, त्याची डाळ पडत नाही. पान बघितलं तरी कळतं, मक्याच्या शिरा सरळ समांतर, हरभऱ्याच्या जाळीसारख्या. रावेर-यावलकडची केळीपण एकदलच, म्हणून वारं सुटलं की पान शिरेशिरेने फाटून पट्ट्या होतात.

खरा मुद्दा मुळांचा. हरभऱ्याचं सोटमूळ खाली जातं, काळ्या जमिनीत खोलवरची ओल ओढतं, म्हणून दोन पाण्यातपण पीक हाती येतं, एक फुलं लागायच्या आधी आणि एक घाटे भरताना. जास्त दिलं तर उलट उभळतो, पाला नुसता वाढतो आणि घाटे कमी. मक्याची तंतुमुळं, बरीचशी वरच्या थरात, त्यामुळे रब्बीत पाच-सहा पाणी तरी हवं आणि युरियाची भूकपण मोठी. हरभऱ्याच्या मुळावर गाठी असतात, त्या हवेतला नत्र धरतात, पण हा गुण शेंगवर्गाचा आहे, सगळ्या द्विदलांचा नाही, कपाशी द्विदलच आहे पण तिला खत घालावंच लागतं.

आता तणनाशक, आणि इथे कृपा करून घाई करू नका. टू-फोर-डी रुंद पानाचं तण मारतं, मक्याला चालतं, हरभरा-कपाशीला विष. माझ्या बांधापलीकडे मक्यात कोणीतरी वारं असताना फवारलं, आठ दिवसात माझ्या कपाशीच्या शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी चिरली गेली, बोंडं धरलीच नाहीत, पंपाची नळी धुतली नाही तरी हेच होतं. क्विझालोफॉप उलटं, द्विदलातलं गवत मारतं, पण लव्हाळ्याला काही होत नाही. लव्हाळा एकदल असला तरी गवताच्या कुळातला नाही ना! कांदापण एकदल आणि त्यातसुद्धा हे चालतं, म्हणजे नुसतं एकदल-द्विदल बघून डबा उचलायचा नाही, लेबल वाचायचं. आणि खरिपात मक्याला अॅट्राझीन मारलं असेल त्या वावरात हरभरा टाकताना जपून, औषधाचा अंश उरला तर रोपं पिवळी पडतात.

हरभऱ्याचे शेंडे महिनाभरात खुडले की बाजूने फांद्या फुटतात, खुडलेला पाला घरी घोळाण्याला (कच्च्या पाल्याच्या तोंडीलावण्याला) होतो. मक्याचा शेंडा गेला तर तुराच गेला, फांद्या काही फुटत नाहीत. (सगळ्या एकदलांचं असं नाही, गव्हाला फुटवे येतातच की.)

गुरं जास्त, पाणी मार्चपर्यंत पुरेल, तर मका घ्या, हिरवा चारापण निघतो, फक्त पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) लष्करी अळी आहे का ते रोज बघा. मागच्या वर्षी त्याच तुकड्यात हरभरा मर रोगाने गेला असेल तरी मकाच बरा. भाच्याच्या विहिरीला जानेवारीनंतर दम नाही, शेजारी सगळा हरभराच आहे, मक्यावरचं टू-फोर-डी वाऱ्याने तिकडे जायला नको, म्हणून त्याला हरभरा सांगितला, बियाण्याला ट्रायकोडर्मा (मर रोगाला अडवणारी बुरशी) आणि रायझोबियम (मुळावर गाठी करणारे जिवाणू) चोळूनच पेर म्हटलं.